आद्य नाटककार विष्णुदास अमृत भावे

सांगली नगरीचे आराध्य दैवत श्रीगणपती. कृष्णातीरी काळ्या पाषाणात उभे असलेले श्रींचे मंदिर हे सांगली संस्थानचे अधिपती श्रीमंत चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांच्या श्रद्धेचे आणि चिकाटीचे फळ होय. याच आप्पासाहेबांच्या आज्ञेने व आश्रयाने सांगलीत आणखी एक चिरस्थायी कार्य घडले, ते म्हणजे मराठी रंगभूमीचा प्रारंभ. श्रींच्या दर्शनासाठी येणाऱ्या अनेक भाविकांना या घटनेची माहिती नसते. ज्यांच्या हातून हे कार्य घडले त्या विष्णुदास भावे यांचा हा अल्प परिचय.

बालपण व छंद

विष्णु अमृत भावे यांचा जन्म १८१९ च्या सुमारास झाला. कवी म्हणून त्यांनी विष्णुदास हे नाव धारण केले व पुढे तेच रूढ झाले. रूढ विद्याभ्यासापेक्षा कथा रचणे, पदे जुळविणे आणि हातांनी काहीतरी घडविणे यांकडे त्यांचा लहानपणापासून ओढा होता. लाकडाच्या बाहुल्या घडवून त्यांच्या हालचालींतून रामायणातील कथा दाखवाव्यात असा ध्यास त्यांनी घेतला होता. त्या बाहुल्यांपैकी काही कालौघात टिकून राहिल्या व पुढे शब्दभ्रमकार श्री. रामदास पाध्ये यांनी त्यांना नवजीवन दिले. आप्पासाहेबांनी या तरुणाचे गुण ओळखले आणि त्याला आपल्या पदरी ठेवले.

राजाज्ञा

१८४२ साली उत्तर कानडा प्रांतातील कर्की येथील भागवत मंडळी सांगलीस आली व तिने आप्पासाहेबांपुढे यक्षगान पद्धतीचे खेळ केले. कीर्तन, लळित, भारूड, गोंधळ हे प्रकार मराठी लोकांच्या चांगल्या परिचयाचे होते. कोकणात व गोव्यात दशावतारी खेळही होत असत. तंजावरच्या भोसले राजांनी तर सतराव्या शतकापासून मराठीत नाटके रचली होती; परंतु ती परंपरा दूर दक्षिणेतच राहिली, महाराष्ट्रापर्यंत पोहोचली नाही. पुराणकथा सलगपणे, सोंगांसह व संगीतासह रंगवून दाखविणारा असा खेळ आपल्या भाषेत, अधिक सुघटित रीतीने व्हावा, असे आप्पासाहेबांच्या मनात आले. हे काम त्यांनी विष्णुदासांवर सोपविले.

काम सोपे नव्हते. समोर कोणताही नमुना नव्हता आणि तयार नटही नव्हते. पदे विष्णुदासांनी स्वतः रचली, त्यांना चाली दिल्या, माणसे निवडली, त्यांना उभे कसे राहावे आणि बोलावे कसे हे शिकविले. पोशाख, दागिने, शस्त्रे, पडदा या सर्वांची योजनाही त्यांनीच केली. स्त्रियांची कामे अर्थातच पुरुष करीत.

सीतास्वयंवर

५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीच्या राजवाड्यात ‘सीतास्वयंवर’ या आख्यानाचा पहिला प्रयोग झाला. त्या वेळी विष्णुदास ऐन पंचविशीत होते.

या खेळांची पद्धत भाविकांनी समजून घेण्यासारखी आहे. प्रारंभी सूत्रधार व त्याचे साथीदार मंगलाचरण गात. मग रानटी वेषातील विदूषक नाचत येई व सूत्रधाराशी त्याचा विनोदी संवाद होई. सूत्रधाराने आवाहन केले की प्रत्यक्ष श्रीगजानन रंगभूमीवर प्रकट होत आणि कार्य निर्विघ्न पार पडेल असा आशीर्वाद देत. त्यानंतर मयूरावर आरूढ झालेली सरस्वती येऊन नृत्य करी. श्रीगणपती व श्रीशारदा यांच्या वंदनेवाचून खेळ सुरू होत नसे.

पुढे मुख्य आख्यान चाले. पदे सूत्रधारच म्हणत असे. झांज व मृदंग यांची साथ असे. प्रसंगाचा आशय पदातून आला की पात्रे आपापले भाषण स्वतःच्या शब्दांत, आयत्या वेळी करीत. लिहिलेले संवाद नसल्याने नटाची समज आणि समोरच्या श्रोत्यांचा प्रतिसाद यांवर प्रसंग रंगे. राक्षस पार्टी तलवारी परजीत, अललडुर्र अशा आरोळ्या ठोकीत प्रवेश करी. प्रेक्षकांस कथा आधीपासून तोंडपाठ असे. तरीही आजवर कीर्तनातून कानांनी ऐकलेले राम, सीता व रावण डोळ्यांसमोर चालता-बोलताना पाहण्यात त्यांना अपूर्व आनंद वाटे.

आश्रय सुटला

राजाश्रयामुळे विष्णुदासांनी आठ वर्षांत अनेक आख्याने रचून सादर केली. तेव्हाचा प्रेक्षकवर्ग निमंत्रितांचा होता. खर्च संस्थानचा असे व पाहणाऱ्यास काही द्यावे लागत नसे. १८५१ साली आप्पासाहेबांचे निधन झाले आणि हा आधार तुटला. नव्या कारभारात पूर्वीसारखा आश्रय उरला नाही. नटसंच, पोशाख, सामान यांचा मोठा व्याप मात्र उभा होता. मंडळी विसर्जित करावी, की खेळ घेऊन बाहेर पडावे, असा प्रश्न विष्णुदासांपुढे होता. नाटक करणाऱ्यास त्या काळी समाजात मान नव्हता, हेही ध्यानात घेतले पाहिजे. विष्णुदासांनी दुसरा मार्ग पत्करला. बैलगाड्यांवर सामान लादून मंडळी गावोगाव खेळ करीत फिरू लागली.

१८५३ साली मंडळी मुंबईस आली. नाना शंकरशेट यांच्या जागेवर १८४६ साली उभे राहिलेले ग्रँट रोड येथील नाट्यगृह तोपर्यंत प्रामुख्याने इंग्रजी खेळांसाठी वापरले जात असे. तेथे विष्णुदासांनी तिकीट लावून मराठी खेळ केले. मराठी लोकांबरोबरच पारशी, गुजराती व युरोपियन प्रेक्षकही ते पाहण्यास येत. त्याच वर्षी पारशी नाटक मंडळीचे प्रयोगही मुंबईत सुरू झाले. मुंबईच्या या संमिश्र प्रेक्षकवर्गासाठी विष्णुदासांनी पुढे राजा गोपीचंदाचे आख्यान हिंदीतूनही सादर केले.

तिकिटाच्या या प्रथेचे महत्त्व केवळ पैशापुरते नाही. दरबारात बसावयाचे तर निमंत्रण हवे, मानपान हवा. तिकीट काढणारा कोणीही सामान्य मनुष्य मात्र नाटकाला येऊन बसू शकत होता. पूर्वी एका राजाच्या मर्जीवर चालणारा खेळ आता शेकडो प्रेक्षकांच्या दोन-चार आण्यांवर चालू लागला. आप्पासाहेबांनी लावलेले रोप त्यांच्या पश्चात सुकले नाही, याचे श्रेय विष्णुदासांच्या धैर्यास आणि त्या अनाम प्रेक्षकांस आहे. दानाचा व लोकाश्रयाचा महिमा जाणणाऱ्या भाविकांस हे वेगळे सांगावयास नको.

उत्तरायुष्य

सुमारे दहा वर्षांच्या भ्रमंतीनंतर विष्णुदासांनी मंडळीचा व्याप सोडला. तोपर्यंत त्यांच्या धर्तीवर खेळ करणाऱ्या अनेक मंडळ्या महाराष्ट्रात निघाल्या होत्या. पन्नासाहून अधिक आख्यानांची त्यांची पदे ‘नाट्यकवितासंग्रह’ या नावाने १८८५ साली प्रसिद्ध झाली. तत्पूर्वी, १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्कर यांनी ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले होते. त्यात पात्रे स्वतःची पदे स्वतः गाऊ लागली व संवाद लिहिलेले असू लागले. साहजिकच जुन्या आख्यानांचा काळ मागे पडला. आपण घातलेल्या पायावर उभी राहिलेली ही नवी इमारत विष्णुदासांस आपल्या हयातीत पाहावयास मिळाली. ९ ऑगस्ट १९०१ रोजी त्यांचे देहावसान झाले.

स्मृती

सांगलीजवळच्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल आणि सांगलीचे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर हे पुढील काळातील थोर नाटककार याच परिसरातले. यामुळेच सांगलीस नाट्यपंढरी म्हणून गौरविले जाते. १९४३ साली पहिल्या प्रयोगाची शताब्दी सांगलीत मोठ्या समारंभाने साजरी झाली. ५ नोव्हेंबर हा दिवस मराठी रंगभूमी दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी सांगलीत ज्येष्ठ रंगकर्मींना विष्णुदास भावे गौरवपदक प्रदान करण्याची प्रथा असून बालगंधर्व हे या पदकाचे पहिले मानकरी होत. शहरातील नाट्यगृहासही विष्णुदासांचे नाव दिलेले आहे.

कोणत्याही कार्यारंभी श्रीगणेशाचे स्मरण करावे, ही आपली परंपरा. मराठी नाटकाचा आरंभ तर श्रीगणेशाच्या नगरीत, श्रीगणेशाच्या साक्षात् रंगप्रवेशाने झाला. श्रींच्या चरणी मस्तक ठेवताना भाविकांनी या साध्या, कष्टाळू आणि श्रद्धावान कलावंताचेही क्षणभर स्मरण करावे.