देवहाट्याचे घर

विल्यम केरी हे नाव घेतले की आपल्या डोळ्यांपुढे श्रीरामपूरचा छापखाना उभा राहतो. हे श्रीरामपूर महाराष्ट्रातले नव्हे, तर बंगालमधील हुगळीकाठचे. केरी यांचे मराठी व्याकरण १८०५ साली, मराठी कोश १८१० साली आणि मराठी नवा करार १८११ साली तेथूनच प्रसिद्ध झाला. मराठी ख्रिस्ती माणसावर त्यांचे ऋण आहे ते या ग्रंथांमुळे. परंतु आज त्या कीर्तिमान पंडिताविषयी लिहावयाचे नाही. छापखान्याचे स्वप्नही दूर असताना, परक्या मुलखात बायकामुलांसाठी निवारा शोधत हिंडणाऱ्या एका हवालदिल गृहस्थाविषयी लिहावयाचे आहे.

केरी यांचा जन्म १७६१ सालचा, इंग्लंडातील नॉर्दॅम्प्टनशायर परगण्यातला. धंदा जोडे शिवण्याचा. पुढे ते बाप्टिस्ट मंडळीचे पाळक झाले आणि १७९२ साली त्यांच्याच आग्रहातून मिशनरी मंडळ स्थापन झाले. त्यांच्या पत्नी डोरोथीबाई हिंदुस्थानात येण्यास प्रथम मुळीच तयार नव्हत्या. जहाज निघण्यास विलंब झाला, पुन्हा मनधरणी झाली, आणि धाकटी बहीण कॅथरीन सोबत येत असेल तर मी येते, या अटीवर त्या निघाल्या. कडेवर तान्हे मूल होते. ११ नोव्हेंबर १७९३ रोजी ही सात माणसे कलकत्त्यास उतरली.

सोबत असलेले डॉ. जॉन टॉमस हे सहकारी मनाचे उदार, पण व्यवहारात अत्यंत ढिले होते. हिंदुस्थानात त्यांचे पूर्वीचे कर्जही होते. मंडळाने दिलेली पुंजी त्यांच्या हाती होती. ती थोड्याच आठवड्यांत संपली. इंग्लंडहून पत्राचे उत्तर येण्यास वर्षाहून अधिक काळ लागे. त्यात कंपनी सरकारचा परवाना नाही. डोरोथीबाई आणि दोन मुले आमांशाने अंथरुणाला खिळली. घरात अन्नाची वाण आणि तोंडी तक्रार. १७९४ च्या जानेवारीतील केरी यांची रोजनिशी वाचवत नाही. एके दिवशी उन्हातून पायपीट करून ते एका धर्मोपदेशकाकडे गेले. त्यांचे टॉमस यांच्याशी बिनसलेले होते. त्या घरी केरी यांना कोणी पाण्याचा घोटही विचारला नाही.

येथे थोडे थांबून एक सांगावेसे वाटते. अनेक चरित्रकारांनी डोरोथीबाईंना कुरकुर करणारी पत्नी म्हणून बाजूला सारले आहे. मला तो अन्याय वाटतो. आजारी देहाने, आजारी मुले घेऊन, न मागितलेल्या देशात जी स्त्री उपाशी राहिली, तिची तक्रार हा अविश्वास म्हणता येणार नाही.

या दिवसांत छप्पर दिले ते नीलू दत्त या हिंदू सावकाराने. कलकत्त्याबाहेर माणिकतला येथे त्याच्या बागेत एक लहानसे घर होते; ते त्याने या कुटुंबाला राहावयास दिले. ज्याचे टॉमस देणेकरी होते त्यानेच आसरा द्यावा, हा दैवी विनोदच म्हणावा लागेल.

पण आसऱ्याने पोट भरत नाही. सुंदरबनात पडीक जमीन कसावयास मिळू शकेल असे कळले, तेव्हा फेब्रुवारीच्या आरंभी केरी मुनशी रामराम बसू यांना आणि सर्व कुटुंबाला घेऊन होडीने पूर्वेकडे निघाले. त्या खाडीच्या प्रदेशात दाट रान आणि वाघांची दहशत. होडीतला शिधा संपत आला होता. अशा वेळी देवहाटा या गावी काठावर एक विटांचे घर दिसले. ते कंपनीच्या मिठाच्या खात्यातील अधिकारी चार्ल्स शॉर्ट यांचे. ना ओळख, ना चिठ्ठी. शॉर्ट यांनी सर्वांना घरात घेतले आणि स्वतःची सोय होईपर्यंत, महिने लागले तरी, येथेच राहा असे सांगितले. देवहाटा आज बांगलादेशात आहे.

शॉर्ट हे भक्तिमान नव्हते. शास्त्राच्या प्रकटीकरणावर त्यांचा विश्वास नव्हता आणि मिशनकार्याचे त्यांना काडीचे कौतुक नव्हते. केरी यांनी ही गोष्ट लपवली नाही. त्यांच्याशी वादही केला आणि त्यांच्या घरचे अन्न कृतज्ञतेने खाल्ले. रोजनिशीचा सूर येथून पालटतो. नदीपलीकडे हसनाबादला बांबूची झोपडी उभी राहू लागते, जमीन, पिके, मासे, पक्षी यांची वर्णने येऊ लागतात. दुःखे संपली नव्हती; ती पाहणारी नजर थोडी मोकळी झाली होती.

प्रेषितांच्या कृत्यांच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात गलबत फुटून किनाऱ्याला लागलेल्या पौलाचे ज्या परक्या बेटवासीयांनी स्वागत केले, त्यांच्या ममतेसाठी लूकने 'फिलान्थ्रोपिया' हा ग्रीक शब्द योजला आहे. नव्या करारात हे नाम आणखी एकदाच येते, तीताच्या पत्रात, आणि तेथे ते खुद्द देवाच्या मनुष्यप्रीतीसाठी आहे. भाषांतराच्या मेजावर असा शब्द आला की हात थबकतो, कारण दोन्ही ठिकाणी शोभेल असा एकच मराठी शब्द सहज सापडत नाही. केरी तो उतारा बंगालीत आणत असता त्यांना देवहाटा आठवला नसेल, असे मला वाटत नाही.

पुढे जॉर्ज उडनी यांनी मालद्याजवळ मदनावती येथील निळीच्या कारखान्यावर केरी यांना दरमहा २०० रुपयांची नोकरी दिली. तेव्हा त्यांनी मंडळाला कळवले की माझ्यासाठी आता पैसे पाठवू नयेत, ते दुसऱ्या कामाला लावावेत. कॅथरीन मात्र मदनावतीस गेल्या नाहीत. चार्ल्स शॉर्ट यांच्याशी त्यांचा विवाह झाला. मदनावतीस त्याच वर्षी पाच वर्षांचा पीटर वारला. त्याचे शव वाहून नेण्यास माणसे मिळेनात. डोरोथीबाईंचे मन त्यानंतर सावरले नाही. १८०७ साली त्यांचा अंत झाला. बंगाली नवा करार १८०१ साली छापून निघाला तो याच घरात, या दुःखाशेजारी बसून केलेल्या कामातून.

नीलू दत्तचे पुढे काय झाले, हेही सांगावयास हवे. सुमारे वीस वर्षांनी त्याचे दिवस फिरले. तेव्हा केरी फोर्ट विल्यम कॉलेजात प्राध्यापक होते, मोठमोठ्या लोकांत त्यांची ऊठबस होती. माणिकतल्याचे ते बागेतले घर त्यांच्या स्मरणात होते. त्यांनी त्या जुन्या सावकाराला चांगल्या नोकरीवर लावून दिले आणि उतारवयात त्याची ददात मिटवली.