प्रोफेसर पिकार यांचें बुडतें बलून

पदार्थविज्ञानाचा अध्यापक म्हटला म्हणजे फळा आणि पुस्तकें यांपलीकडे न गेलेला गृहस्थ आपल्या डोळ्यांपुढें येतो. प्रो. ऑगस्त पिकार यांनीं हा समज पार खोटा पाडिला. स्वित्झर्लंडांतील बाझल शहरीं १८८४ सालीं ते जन्मले व १९२२ पासून ब्रुसेल्सच्या विद्यापीठांत शिकवीत असत. अंतराळांतून येणाऱ्या किरणांचा अभ्यास उंचावर करावयाचा, म्हणून त्यांनीं ॲल्युमिनियमचा हवाबंद गोल बलूनास टांगला आणि २७ मे १९३१ रोजीं एका सहकाऱ्यासह त्यांत बसून ते १५,७८१ मीटर उंच गेले. तितकें उंच पूर्वीं कोणीच गेलें नव्हतें.

समुद्रतळाशीं जाण्याची युक्ति त्यांस ह्याच बलूनांत सांपडली. त्या काळीं पोलादी गोल जहाजावरून तारेनें खालीं सोडीत. तार तुटली कीं आंतील माणसांची आशा संपली. पिकारांनीं तारच काढून टाकिली. वायूच्या जागीं त्यांनीं पेट्रोल घेतलें, कारण तें पाण्याहून हलकें असून दाबानें फारसें आकसत नाहीं. पेट्रोलाच्या टाकीखालीं माणसें बसावयाचा जाड पोलादी गोल, आणि खालीं जाण्यासाठीं लोखंडी छऱ्यांचें ओझें. छरे विद्युच्चुंबकानें धरलेले. वीज बंद पडली तर ते आपोआप गळून यान वर येणार. बिघाड झाला असतां तारणारें यंत्र करावें, ही दृष्टि आमच्या मतें मूळ शोधाहूनही मोठी होय.

१९४८ सालीं पश्चिम आफ्रिकेजवळच्या समुद्रांत हें यान रिकामें १,३८० मीटर खालीं जाऊन परत आलें. गोल दाबास पुरून उरला, पण टाकी लाटांनीं मोडली आणि पाहणाऱ्यांच्या लक्षांत राहिली ती मोडलेली टाकीच. पुढें तें काम फ्रेंच आरमाराकडे गेलें. दुसरा एखादा साठी उलटलेला मनुष्य येथें थांबला असता. पिकारांनीं त्रिएस्ते शहराच्या व इटालियन कारखानदारांच्या साह्यानें दुसरें यान बांधिलें, त्यास त्या शहराचेंच नांव दिलें, आणि ३० सप्टेंबर १९५३ रोजीं पुत्र झाक यांस बरोबर घेऊन ते पोंझा बेटाजवळ ३,१५० मीटर खोल उतरले. तेथें दर चौरस इंचावर सुमारें दोन टन भार असतो. वय एकुणसत्तर ! आपल्या यंत्राची जोखीम पगारी माणसावर न टाकितां ते स्वतः आंत बसले.

१९५८ सालीं अमेरिकन आरमारानें हें यान विकत घेतलें. २३ जानेवारी १९६० रोजीं झाक पिकार व त्या आरमारांतील डॉन वॉल्श हे पॅसिफिक महासागरांतील मारियाना गर्तेच्या तळाशीं, सुमारें १०,९०० मीटर खोल, टेकून सुखरूप वर आले. वृद्ध पित्यास ही वार्ता ऐकावयास मिळाली. १९६२ सालीं लोझान येथें त्यांचें देहावसान झालें.