बंद दारापासून पेशीच्या अंतरंगापर्यंत : डॉ. कमला सोहोनी

के. आर. पुरम (बंगळुरू) : पेशीच्या ऊर्जानिर्मितीत सहभागी असणारे आणि प्रसंगी तिच्या मृत्यूचा संकेत देणारे ‘सायटोक्रोम सी’ हे प्रथिन वनस्पतींमध्येही असते, हे दाखवून देणाऱ्या जीवरसायनशास्त्रज्ञ डॉ. कमला सोहोनी यांना याच शहरातील भारतीय विज्ञान संस्थेने केवळ स्त्री असल्यामुळे प्रवेश नाकारला होता.

पूर्वाश्रमीच्या कमला भागवत यांचा जन्म १९११ मध्ये इंदूर येथे झाला. वडील नारायणराव व काका माधवराव हे दोघेही याच संस्थेतून शिकलेले रसायनशास्त्रज्ञ होते. विख्यात लेखिका दुर्गा भागवत या त्यांच्या भगिनी. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची पदवी मिळवून त्यांनी संस्थेकडे अर्ज केला. तेव्हाचे संचालक सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी तो फेटाळला. कमलाबाईंनी बंगळुरू गाठून रामन यांच्या कार्यालयाबाहेर सत्याग्रह केला. अखेर प्रवेश मिळाला, मात्र अटींवर. पहिले वर्ष परीक्षाधीन राहील, मार्गदर्शक सांगतील तितका वेळ काम करावे लागेल आणि पुरुष सहकाऱ्यांचे लक्ष विचलित होता कामा नये, अशा त्या अटी होत्या. हा अपमान त्या कधीच विसरल्या नाहीत.

एम. श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी दूध व कडधान्यांतील प्रथिनांवर संशोधन केले. त्यांच्या कामाने समाधान झालेल्या रामन यांनी पुढे इतर विद्यार्थिनींसाठीही संस्थेची दारे खुली केली.

केंब्रिज विद्यापीठात नोबेल विजेते फ्रेडरिक हॉपकिन्स यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाल्यावर बटाट्यावर काम करताना त्यांना सायटोक्रोम सी आढळले. त्यावरील अवघ्या ४० पानांच्या प्रबंधाला १९३९ मध्ये पीएच.डी. मिळाली. विज्ञान विषयात ही पदवी संपादन करणाऱ्या पहिल्या भारतीय महिला म्हणून त्या ओळखल्या जातात.

या प्रथिनाचे स्थान तंतुकणिकांमध्ये, म्हणजे पेशींच्या ऊर्जाकेंद्रांत असते. तेथे ते इलेक्ट्रॉन वाहून नेते आणि श्वसनसाखळी अखंड ठेवते. मानवी पेशींमधील त्याचे दुसरे कार्य १९९६ मध्ये अमेरिकेत शियाओडोंग वांग व सहकाऱ्यांनी उघड केले. तंतुकणिकेचे आवरण भेदून सायटोक्रोम सी पेशीद्रवात उतरले, की ‘कॅस्पेज’ ही विकरे कार्यान्वित होतात आणि पेशी स्वतःला पद्धतशीरपणे संपवते. ही प्रक्रिया रोखली गेल्यास कर्करोगाच्या पेशी तग धरतात. ती अवाजवी वाढल्यास मेंदू व हृदयातील पेशी अकाली नष्ट होऊ शकतात.

भारतात परतल्यावर डॉ. सोहोनी यांनी दिल्लीतील लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात व कुन्नूरच्या पोषण प्रयोगशाळेत काम केले. १९४७ मध्ये मा. वि. सोहोनी यांच्याशी विवाह झाल्यानंतर त्या मुंबईच्या विज्ञान संस्थेत रुजू झाल्या. राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी नीरेच्या पोषणमूल्यांचा अभ्यास केला. कुपोषित आदिवासी बालके व गर्भवतींना नीरेचा लाभ होतो, असे त्यातून दिसले. या कार्यासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. पुढे त्यांनी विज्ञान संस्थेचे संचालकपदही भूषविले.

भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने नवी दिल्लीत आयोजित केलेल्या सत्कार समारंभात त्या कोसळल्या आणि त्यानंतर अल्पावधीतच, जून १९९८ मध्ये, त्यांचे निधन झाले. ज्या संस्थेने त्यांना एकेकाळी दाराबाहेर ठेवले, तेथे आज विद्यार्थिनींना प्रवेशासाठी सत्याग्रह करावा लागत नाही.