प्राचार्य वामन शिवराम आपटे

पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयाचे नाव तुम्ही ऐकले असेल. वामन शिवराम आपटे हे त्याचे पहिले प्राचार्य. त्यांचा जन्म १८५८ साली सावंतवाडी संस्थानातील एका खेड्यात झाला. घर खाऊनपिऊन सुखी होते. पण वडील मित्राला जामीन राहिले आणि होते नव्हते ते गेले. वामन आठ वर्षांचा असताना वडील वारले. आई दोन्ही मुलांना घेऊन कोल्हापूरला आली. दोन वर्षांनी तीही गेली. पुढे थोरला भाऊही वारला.

आता या पोरक्या मुलाला शिकवणार कोण? मुख्याध्यापक महादेव मोरेश्वर कुंटे यांनी त्याची हुशारी ओळखली आणि त्याला आधार दिला. कुंटे नसते, तर पुढचे काहीच घडले नसते. १८७३ मध्ये वामन मॅट्रिक झाला आणि त्याने संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवली. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून १८७९ मध्ये तो एम. ए. झाला.

त्या काळी एम. ए. झालेल्या तरुणाला चांगल्या पगाराची सरकारी नोकरी मिळे. आपट्यांनी ती वाट धरली नाही. विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि टिळक यांनी १८८० मध्ये पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल काढले होते. त्या शाळेत ते थोड्या पगारावर शिक्षक झाले. या मंडळींनी १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज सुरू केले, तेव्हा आपटे प्राचार्य झाले. वय अवघे सव्वीस-सत्तावीस! पुढे संस्थेत मतभेद झाले आणि १८९० मध्ये टिळक बाहेर पडले. आपटे मात्र कॉलेजातच राहिले.

शिकवणे आणि कारभार सांभाळून त्यांनी आणखी एक काम केले. उर्दूत आपण ज्याला लुगत म्हणतो, तो शब्दकोश त्यांनी तयार केला. लुगतमध्ये एक शब्द शोधायलाही आपल्याला किती वेळ लागतो! आपट्यांनी हजारो संस्कृत शब्दांचे इंग्रजी अर्थ लिहिले आणि कोणता शब्द कोणत्या ग्रंथात आला आहे, तेही दाखवले. हा मोठा कोश १८९० मध्ये छापून निघाला. त्याआधी त्यांनी इंग्रजी-संस्कृत कोशही केला होता.

९ ऑगस्ट १८९२ रोजी आपटे वारले. तेव्हा ते जेमतेम चौतीस वर्षांचे होते. त्यांच्या जागी गोपाळ गणेश आगरकर प्राचार्य झाले. आपट्यांचा कोश मात्र मागे पडला नाही. १९५७ ते १९५९ या काळात पुण्यातील विद्वानांनी त्यात भर घालून तो तीन खंडांत पुन्हा छापला. संस्कृत शिकणारे देशोदेशीचे विद्यार्थी आजही तो वापरतात.