टॅल्बटचा कागद

फोटो ग्लॉसी पेपरवर छापायचा की मॅटवर, यावरून आमच्या मजल्यावर दर सेमिस्टरला एक वाद ठरलेला. मी मॅट पार्टीची. भिंतीवर ग्लॉसी फोटो चिकटवला की त्यात फोटोपेक्षा डोक्यावरची ट्यूबलाइटच जास्त दिसते, आणि बोटांचे ठसे तर विचारूच नका. तर या मॅट पार्टीचा मूळपुरुष कोण, हे बघायला मी लायब्ररीत घुसले आणि सापडला विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट. (कॉन्व्हेंटवाली मराठी विभागात कशी, असं विचारू नका. घरी आम्ही मराठीच बोलतो.)

जन्म ११ फेब्रुवारी १८००, इंग्लंडमधल्या डॉर्सेटचा. पोरगं सहा महिन्यांचंही झालं नव्हतं, तोच वडील गेले. मागे उरलं विल्टशायरमधलं लेकॉक ॲबी हे जुनं घर आणि भरपूर कर्ज. हे घर तुम्ही पाहिलंय बरं का! हॅरी पॉटरच्या पहिल्या सिनेमाचं थोडं शूटिंग तिथे झालंय. आई लेडी एलिझाबेथ खमकी होती, तिने सगळं सावरलं. मुलगा हॅरोत आणि मग केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात शिकला. १८२१ मध्ये तो गणितात बारावा रँग्लर आला. आपले रँग्लर परांजपे १८९९ मध्ये पहिले आले, तीच ही परीक्षा. पुढे १८३१ मध्ये रॉयल सोसायटीची फेलोशिप, १८३२ मध्ये पार्लमेंट आणि त्याच वर्षी कॉन्स्टन्सशी लग्न. म्हणजे सगळं कसं छान चाललं होतं.

फक्त चित्र काढता येत नव्हतं. ऑक्टोबर १८३३ मध्ये इटलीतल्या कोमो सरोवराकाठी तो कॅमेरा ल्युसिडा घेऊन बसला. हे म्हणजे स्टँडवर लावलेला एक प्रिझम. त्यातून समोरचा देखावा कागदावर पडल्यासारखा दिसतो, आपण नुसती पेन्सिल फिरवायची. तेवढंही त्याला जमेना. ई.डी. ड्रॉइंगच्या तासाला हे दुःख मला नीट कळलेलं आहे. पण त्या वैतागातून त्याच्या डोक्यात आलं, की उजेडाने पडलेलं चित्र कागदावर आपलं आपणच उमटलं तर?

१८३४ मध्ये घरी त्याचे प्रयोग सुरू झाले. आणि इथे मला तो आपल्यातला वाटतो, कारण त्याची पहिली डोकेदुखी कागद हीच होती. त्याने घेतला चांगल्यापैकी लिहायचा कागद, घट्ट विणीचा आणि गुळगुळीत. तो साध्या मिठाच्या पातळ पाण्यात बुडवून वाळवायचा, मग त्यावर सिल्व्हर नायट्रेट फिरवायचं. कागदाच्या तंतूंमध्येच सिल्व्हर क्लोराइड तयार होतं आणि उजेडात काळं पडतं. चित्र कागदाच्या वर नाही, आत बसतं. म्हणून चकाकी नाही. अंड्याच्या पांढऱ्याचा थर दिलेला चकचकीत अल्ब्युमेन पेपर नंतर, १८५० मध्ये, फ्रान्सच्या ब्लांकार-एव्हरारने आणला. म्हणजे ग्लॉसीवाले आपल्यापेक्षा ज्युनिअर!

गंमत म्हणजे जिथे मीठ कमी लागलं होतं, तिथे कागद जास्त भराभर काळा पडतो हे त्याच्या लक्षात आलं. मग उलट विचार करून त्याने चित्र टिकवायला कडक मिठाचं पाणी वापरलं. तीच वस्तू, फक्त प्रमाण वेगळं. आपल्या मॅट पेपरचंही तसंच आहे. त्याच्या एका बाजूला सिलिकाचा बारीक थर असतो, तो शाई धरतो. ओलसर बोट लावून बघा, जी बाजू चिकटते ती छापायची. प्रिंटरच्या सेटिंगमध्ये प्लेन पेपर राहिला तर शाईचं प्रमाण चुकतं आणि काळा रंग राखाडी दिसतो. पिगमेंट शाईच्या काही प्रिंटरांत तर मॅटसाठी काळी शाईच वेगळी असते.

ऑगस्ट १८३५ मध्ये त्याने घरातल्या जाळीच्या खिडकीची निगेटिव्ह काढली, जेमतेम पोस्टाच्या तिकिटाएवढी. त्याचे लाकडी कॅमेरे घरभर पडलेले असायचे. बायको त्यांना उंदराचे सापळे म्हणायची. आणि मग या माणसाने सगळं बाजूला ठेवून दिलं! जानेवारी १८३९ मध्ये पॅरिसहून दागेरच्या शोधाची बातमी आली, तेव्हा धावाधाव. २५ जानेवारीला फॅरेडेने रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये टॅल्बटची चित्रं दाखवली, ३१ ला रॉयल सोसायटीत निबंध वाचला गेला. पण नाव दागेरचं होऊन बसलं होतं. दागेरचा फोटो चांदीच्या पत्र्यावर, लखलखीत, पण एकच. टॅल्बटच्या कागदी निगेटिव्हवरून हव्या तेवढ्या प्रती निघत. इंजिनिअर म्हणून माझं मत टॅल्बटला.

१८४० मध्ये त्याला कळलं, की थोडाच वेळ उजेड दिलेल्या कागदावर न दिसणारं चित्र असतं, ते गॅलिक ॲसिडने बाहेर काढता येतं. हाच कॅलोटाइप. १८४१ मध्ये त्याने पेटंट घेतलं आणि इथे माझं त्याच्याशी पटत नाही. पैशाची ददात नसताना लोकांकडून फी मागितली. स्कॉटलंडला ते पेटंट लागू नव्हतं, तिथे हिल आणि ॲडमसन यांनी कॅलोटाइपवर सुंदर काम केलं. इंग्लंडमध्ये मात्र लोक वैतागले. १८५४ मध्ये तो लारोश नावाच्या फोटोग्राफरविरुद्ध कोर्टात हरला. ज्यूरीने कॅलोटाइपचा संशोधक त्यालाच मानलं, पण लारोशची कोलोडियन पद्धत वेगळी ठरवली.

त्याआधीच मोठा घाव बसला होता. १८४४ ते १८४६ मध्ये त्याने 'द पेन्सिल ऑफ नेचर' हे पुस्तक भागांमध्ये काढलं, आत २४ खरे फोटो चिकटवलेले. १८४६ च्या जूनमध्ये 'आर्ट युनियन' मासिकासाठी हजारो प्रिंट काढून दिले. ते फिके पडू लागले. मित्र हर्शेलने सुचवलेला हायपो चित्र पक्कं करतो, पण कागदातून तो नीट धुऊन काढला नाही तर राहिलेला हायपोच चांदी खातो. घाईत धुणं कमी पडलं होतं. रेडिंग गावचा त्याच्या नोकराचा, हेनेमानचा, छापखाना १८४७ मध्ये बंद झाला.

तो खचला नाही. फिका पडणार नाही असा फोटो छापायच्या शाईनेच निघेल, हे ओळखून त्याने स्टीलच्या पत्र्यावर फोटो कोरायची पद्धत शोधली, १८५२ आणि १८५८ मध्ये तिची पेटंटं घेतली. मधेच १८५७ मध्ये असीरियन कीललिपीचा एक लेख चार जणांनी स्वतंत्रपणे वाचून दाखवला, त्यातला एक हाच! १७ सप्टेंबर १८७७ रोजी लेकॉकमध्येच तो गेला. खिडकीची ती छोटी निगेटिव्ह ब्रिटनच्या सायन्स म्युझियम ग्रुपच्या संग्रहात आहे. त्याचे काही प्रिंट अजूनही उजेडाला इतके नाजूक आहेत, की ते अंधारातच ठेवावे लागतात.