गोपुरीचे अप्पा आणि आपला प्रश्न : गावाची घाण कोण उचलणार?

मुंबई-गोवा महामार्गाने कणकवली सोडली की वागदे गाव लागते. तिथे गड नदीच्या काठी गोपुरी आश्रम आहे. हीच नदी पुढे मालवण तालुक्यात उतरते आणि कालावलच्या खाडीतून समुद्राला मिळते. सिंधुदुर्गातले आपले कार्यकर्ते या रस्त्याने शेकडो वेळा जातात. आश्रमाची पाटी सगळ्यांनी पाहिलेली असते. पण तो उभा करणारा माणूस कोण होता आणि त्याचा आपल्या चळवळीशी काय संबंध, हे विचारले तर बहुतेक तरुण गप्प बसतात.

त्या माणसाचे नाव सीताराम पुरुषोत्तम पटवर्धन. लोक त्यांना अप्पासाहेब किंवा नुसते अप्पा म्हणत. कोकणचे गांधी ही त्यांची दुसरी ओळख. गांधी हे नाव ऐकले की आपल्यातल्या अनेकांच्या कपाळावर आठी येते, आणि तिला कारणही आहे. तरी आम्ही अप्पांवर लिहितो आहोत. आज जिल्ह्यात आपल्या वस्त्यांमधून बचत गट चालतात, कोकम, काजू, नाचणी विकून चार पैसे गावात ठेवण्याचा प्रयत्न होतो, सहकारी संस्था काढण्याची भाषा होते. या सगळ्या कामाच्या मुळाशी असलेल्या एका प्रश्नाला अप्पांनी हात घातला होता. तोही बोलून नाही, स्वतःचे हात घाण करून.

अप्पांचा जन्म १८९४ सालचा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या ब्राह्मण घरातला. तेव्हा मालवण, कणकवली, वेंगुर्ला हे सगळे रत्नागिरी जिल्ह्यातच होते. सिंधुदुर्ग वेगळा झाला तो १ मे १९८१ रोजी. अप्पा हुशार विद्यार्थी. तत्त्वज्ञान घेऊन एम. ए. झाले, पुण्यात प्राध्यापक झाले. पुढचे आयुष्य सुखात जाईल अशी सगळी सोय होती. ती सोडून ते गांधींच्या साबरमती आश्रमात गेले आणि नंतर आपल्या जिल्ह्यात परत येऊन खेड्यांत काम करू लागले. गांधींची आत्मकथा मराठीत आणली ती त्यांनीच. १९३० साली वेंगुर्ल्याजवळच्या शिरोड्याला मिठाचा सत्याग्रह झाला. त्या चळवळीच्या काळात अप्पांच्या तुरुंगाच्या वाऱ्या सुरू होत्या.

इथपर्यंतची गोष्ट त्या काळातल्या कितीतरी गांधीवाद्यांची आहे. अप्पांची गोष्ट वेगळी होते ती १९३२ साली, रत्नागिरीच्या तुरुंगात.

तुरुंगातही कामे जातीने वाटली जात. मैल्याच्या टोपल्या उचलायच्या त्या ठराविक जातीच्या कैद्यांनीच. राजकीय कैदी म्हणून आलेले सवर्ण स्वराज्याच्या गप्पा मारत आणि त्यांची घाण दुसरा कैदी उचलत असे. अप्पांनी हे काम आपल्याला द्या अशी मागणी केली. अधिकाऱ्यांनी नकार दिला. अप्पांनी अन्नत्यागाचे हत्यार उचलले. ही बातमी येरवड्याच्या तुरुंगात असलेल्या गांधींना कळली आणि ३ डिसेंबर १९३२ रोजी त्यांनीही अप्पांच्या पाठिंब्यासाठी उपोषण सुरू केले. दुसऱ्या दिवशी सरकारकडून आश्वासन मिळाल्यावर ते थांबले.

आता साल नीट पाहा. पुणे करार झाला तो २४ सप्टेंबर १९३२ रोजी. म्हणजे बाबासाहेबांना स्वतंत्र मतदारसंघ सोडून द्यावे लागले, त्याला जेमतेम सव्वादोन महिने झाले होते. अशा वेळी एका सवर्णाला मैला उचलण्याचा हक्क मिळावा म्हणून उपोषण होते, आणि दलितांना आपले प्रतिनिधी आपण निवडण्याचा हक्क मिळू नये म्हणूनही उपोषण झालेले असते. ही विसंगती आपण विसरायची नाही.

बाबासाहेबांनी पुढे १९४५ सालच्या आपल्या ग्रंथात या विचारावर नेमका घाव घातला. मैला उचलण्याचे काम थोर आहे, पवित्र आहे, असे सफाई करणाऱ्यांनाच सांगत राहणे म्हणजे त्यांना त्याच कामाला बांधून ठेवणे, हे त्यांनी दाखवून दिले. घाणीला गोड नाव दिले म्हणून घाण उचलणाऱ्याची गुलामी संपत नाही.

आपल्याकडे याचे फार जुने उदाहरण आहे. थेरगाथेत सुनीत नावाच्या थेरांची कथा येते. ते झाडू मारून पोट भरणारे, लोकांनी हिणवलेले. तथागतांनी त्यांना अधिक निष्ठेने झाडू मारायला सांगितले नाही. त्यांना संघात घेतले. काम बदलले, जागा बदलली, आणि पुढे लोकांनी त्यांच्यापुढे हात जोडले. माणसाला त्याच्या कामातून मोकळे करणे आणि त्याच्या कामाचे गुणगान करणे, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

मग अप्पा यात कुठे बसतात? आमच्या मते त्यांनी उलट्या टोकाने सुरुवात केली. सफाई करणाऱ्यांना त्यांनी उपदेश केला नाही. आपल्याच जातीच्या, आपल्याच वर्गाच्या माणसांपुढे त्यांनी टोपली धरली. घाण तुमची आहे, तर हातही तुमचेच लागले पाहिजेत, हा त्यांच्या कृतीचा अर्थ होता.

मेलेल्या जनावरांचेही तसेच. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृत जनावराचे मांस सोडण्याचे, गावकीची लाजिरवाणी कामे टाकण्याचे आणि शेतीकडे वळण्याचे आवाहन केले. कोकणातल्या आपल्या पूर्वजांनी ते मनावर घेतले आणि गावोगावी मेलेली गुरे ओढायला नकार दिला. त्याची किंमतही त्यांनी मोजली. आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, या आठवणी अजून निघतील. अप्पांनी गावातल्या सवर्णांसारखा या नकाराचा राग धरला नाही. मेलेली जनावरे सोडण्याचे, कातडी काढण्याचे आणि कमावण्याचे काम ते स्वतः शिकले आणि सहकाऱ्यांना घेऊन करू लागले. ब्राह्मण प्राध्यापक मेलेले जनावर सोलतो हे पाहून गावाने नाके मुरडली. पण एक गोष्ट उघड झाली. हे काम कुणाच्या रक्तात नसते. शिकले की कुणालाही येते.

१९४८ साली गोपुरी आश्रम सुरू झाला. तिथे शेती, चर्मोद्योग, खत आणि सफाई यांचे प्रयोग एका जागी आले. त्यातला सगळ्यात मोलाचा प्रयोग संडासाचा. गोपुरी संडासाची कल्पना साधी आहे. कप्पे आलटूनपालटून वापरायचे. दरवेळी वरून माती, राख, पालापाचोळा टाकायचा. एक कप्पा भरला की बंद करायचा आणि दुसरा वापरायला घ्यायचा. काही महिन्यांत बंद कप्प्यातल्या मैल्याचे खत होते. त्याला वास राहत नाही, माश्या बसत नाहीत, आणि ते मातीसारखे फावड्याने काढता येते.

या साध्या रचनेत मोठी गोष्ट घडली. मैला डोक्यावरून वाहणारा माणूसच लागेनासा झाला. १९३२ साली अप्पा टोपली स्वतः उचलायला निघाले होते. गोपुरीत त्यांनी टोपलीच काढून टाकली. त्या काळी या चळवळीला भंगीमुक्ती म्हणत. आमच्या दृष्टीने अप्पांच्या आयुष्यातला हा खरा टप्पा. इथे ते कामाला पवित्र ठरवण्याच्या विचारापासून दूर आले आणि, त्यांना तसे वाटले असो वा नसो, बाबासाहेबांच्या जवळ आले.

आणि ते खत गेले कुठे? शेतात. कोकणातली माती जांभ्याची, पावसात धुपणारी. तिला सतत खत लागते. गावाची घाण गावाच्याच भातखाचरात, नाचणीच्या वरकसात, भाजीच्या वाफ्यात परत गेली तर बाहेरचे खत कमी लागते आणि पैसा गावात राहतो. आज स्थानिक अन्न, सेंद्रिय शेती, गावातला पैसा गावात या गोष्टी नव्याने सांगितल्या जातात. अप्पांनी त्या सत्तर-पंचाहत्तर वर्षांपूर्वी संडासापासून सुरू केल्या होत्या.

पण अप्पांच्या वाटेत एक मोठी उणीव होती, आणि ती न सांगणे अप्रामाणिकपणा ठरेल. खत तयार झाले, पण ते टाकायला जमीन कुणाची?

या जिल्ह्याच्या कितीतरी गावांत खोतीने माणूस पिळला गेला होता. कसणारा एक आणि पिकाचा मोठा वाटा नेणारा दुसरा, वर वेठ वेगळी. बाबासाहेबांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. १० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेला. त्यात महार होते, कुणबी होते, आगरी होते. जातीच्या भिंती ओलांडून कसणारे एका झेंड्याखाली आले. शेवटी खोती रद्द झाली ती १९४९ च्या कायद्याने. आणि १९४७ च्या आपल्या निवेदनात बाबासाहेबांनी याच्याही पुढची मागणी केली होती. शेती हा सरकारी उद्योग व्हावा, जात-धर्म न पाहता गावकऱ्यांना जमीन द्यावी आणि ती त्यांनी सामुदायिक पद्धतीने कसावी. सहकाराची याहून मूलगामी कल्पना या देशात क्वचितच कुणी मांडली असेल.

अप्पा माणसाचे मन बदलायला निघाले होते. बाबासाहेब कायदा आणि मालकी बदलायला निघाले होते. अनुभव सांगतो की मालकी न बदलता नुसते मन बदलत नाही. आणि कायदा झाला तरी हात आणि सवयी बदलल्या नाहीत तर जात मागच्या दाराने परत येते. मैला वाहून नेण्याच्या प्रथेविरुद्ध १९९३ साली कायदा झाला, २०१३ साली आणखी कडक कायदा झाला. तरी गटारांत आणि टाक्यांत उतरून माणसे मरत आहेत, आणि मरणाऱ्यांची जात बहुतेक वेळा ठरलेली आहे.

अप्पा १९७१ साली गेले. माझी जीवनयात्रा हे त्यांचे आत्मचरित्र आहे, ते मिळवून वाचावे. त्यांचे सफाईचे काम देहूचे डॉ. सुहास मापुसकर यांनी पुढे नेले. संडासाच्या मैल्यापासून गॅस करण्याचे तंत्र त्यांनी गावोगाव पोहोचवले. देहूत त्यांनी उभ्या केलेल्या संस्थेला अप्पांचेच नाव आहे. मापुसकरांना २०१७ साली मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

आता आपल्याकडे वळू. मालवणच्या किनाऱ्यावर पर्यटक वाढले, मालवणी जेवणाला भाव आला. कोकमाचे आगळ, नाचणीचे पापड, काजू, कुळथाचे पीठ यांना गिऱ्हाईक आहे. बौद्धवाडीतल्या आपल्या भगिनीही या कामात आहेत. आम्हाला तीन प्रश्न विचारावेसे वाटतात. संस्थेचा हिशेब आणि सही कुणाच्या हातात आहे, आणि झाडलोट, भांडी, कचरा कुणाच्या वाट्याला आहे? वाडीचे नाव कळल्यावरही गावातले लोक तिथला पापड घेतात का, की तो फक्त लांबच्या गिऱ्हाइकालाच चालतो? आणि कोकमाचे झाड, काजूची बाग, भाताचे खाचर यांच्या सातबारावर आपल्या किती जणांची नावे आहेत?

कुठल्याही सहकारी संस्थेचा सभासद होण्याआधी हे प्रश्न विचारा. स्वतः संस्था काढलीत तर पहिल्याच सभेत घाणीच्या कामाची पाळी लावा आणि त्या यादीत अध्यक्षांचे नाव सगळ्यात वर घाला. सम्यक आजीविका म्हणजे केवळ चोरी-लबाडी न करता कमावणे नव्हे. आपल्या कमाईसाठी दुसऱ्याला घाणीत उभे न करणे हाही तिचाच भाग आहे, असे आम्ही मानतो.

अप्पांना डोक्यावर घेण्याची गरज नाही. त्यांना नाकारण्याचीही नाही. पुढच्या वेळी वागद्यावरून जाताना गाडी थांबवा, गोपुरीत जा, संडासाची ती रचना समजून घ्या. मग घरी येऊन बाबासाहेबांचे खोतीविरोधी विधेयक वाचा. गावाची घाण कोण उचलणार आणि गावाची जमीन कुणाची, या दोन प्रश्नांची उत्तरे एकत्र मिळाली तरच गाव उभे राहील.

जय भीम! नमो बुद्धाय!