साडेसातशेपैकी दोनशे ब्याऐंशी



स्मरणिकेसाठी लेख द्या, असा संपादक मंडळाचा निरोप आला तेव्हा विषयाची मोकळीक होती. शाळेच्या आठवणी तुमच्यापैकी बरेच जण लिहिणार, हे ठाऊक होते. मी नोकरीभर गणित शिकवले, शेवटची बरीच वर्षे दहावीच्या वर्गाला. निकालाच्या दिवशी पालक ठरलेला एक प्रश्न घेऊन यायचे : सर, एवढ्या मार्कांवर पोराचे पुढे काय व्हायचे? उत्तर देताना मी दरवेळी एकाच गुणपत्रिकेचा आधार घेत आलो. ती गुणपत्रिका डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची. मालेगावात दरवर्षी १४ एप्रिल साजरा होतो, त्यांचे चरित्र आपल्याला लहानपणापासून पाठ आहे. पण परीक्षांच्या अंगाने आपण ते क्वचितच पाहतो. आज तेवढ्याच अंगाने सांगतो.

त्यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. वडील रामजी सकपाळ लष्करात सुभेदार आणि लष्करी शाळेत शिक्षक. निवृत्तीनंतर कुटुंब आधी दापोलीला आणि मग साताऱ्याला आले. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत, इंग्रजी पहिलीत त्यांचे नाव दाखल झाले. आज ती शाळा प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते आणि तो दिवस महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. त्या शाळेत बसायला गोणपाट घरून न्यावे लागे आणि इतर मुलांपासून दूर बसावे लागे. तहान लागली तर शिपायाने वरून पाणी ओतायचे. शिपाई नसेल तर तहान तशीच ठेवायची. परीक्षेचा पेपर मात्र सगळ्यांना एकच होता.

पुढे रामजींनी बिऱ्हाड मुंबईला हलवले. परळच्या चाळीत एकच खोली. स्वयंपाक तिथेच, झोपणे तिथेच, अभ्यासही तिथेच. वडिलांनी यावर तोड काढली. भीमरावांनी संध्याकाळी लवकर झोपायचे. वडील रात्री दोनपर्यंत जागे राहणार, मग मुलाला उठवणार आणि त्याच्या जागेवर स्वतः आडवे होणार. रॉकेलच्या दिव्यात पहाटेपर्यंत अभ्यास चाले. आपल्यापैकी ज्यांनी लोडशेडिंगमध्ये कंदील लावून दहावी काढली, त्यांना हे फार समजावून सांगावे लागणार नाही.

शाळा एल्फिन्स्टन हायस्कूल, सरकारी आणि नावाजलेली. तिथेही एकदा शिक्षकांनी भीमरावांना गणित सोडवायला फळ्याजवळ बोलावले, तेव्हा वर्गात एकच धावपळ उडाली. मुलांचे डबे फळ्यामागे ठेवलेले होते. विटाळ नको म्हणून आधी डबे हलले, मग गणित झाले. संस्कृत शिकण्याची त्यांची इच्छा होती. शिक्षकांनी शिकवायला नकार दिला, म्हणून फारसी घ्यावी लागली. संस्कृत ते पुढे स्वतःच्या कष्टाने शिकले.

१९०७ साली ते मॅट्रिक झाले. एकूण गुण ७५०, त्यांना मिळाले २८२. आजच्या हिशेबाने ३७.६ टक्के. त्या काळी गुण हात राखून दिले जात, त्यामुळे हा आकडा आजच्या नव्वद टक्क्यांशेजारी ठेवून पाहणे बरोबर नाही. तरीही पहिल्या श्रेणीतला निकाल तो नव्हता, हे कोणीही सांगेल. पण त्यांच्या समाजातल्या मुलाने मॅट्रिक होणे हीच त्या काळी मोठी गोष्ट होती. सत्काराची सभा भरली. अध्यक्ष होते समाजसुधारक सी. के. बोले.

सभेला आणखी एक गृहस्थ होते, कृष्णाजी अर्जुन केळुसकर. ते शिक्षक आणि लेखक. चर्नी रोडच्या बागेत हा मुलगा रोज पुस्तक घेऊन बसतो, हे त्यांनी आधीच हेरले होते आणि त्याला वाचायला पुस्तकेही देऊ लागले होते. त्या सभेत त्यांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भीमरावांना भेट दिले. त्या पुस्तकाचे पुढे काय झाले, ते १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरने पाहिले.

इथे थोडे थांबून एक गोष्ट सांगतो. तेव्हाची मॅट्रिकची परीक्षा मुंबई विद्यापीठ घेत असे. कॉलेजात कोणाला घ्यायचे, हे ठरवण्यासाठी ती होती. म्हणजे २८२ गुणांनी एवढेच सांगितले की हा विद्यार्थी आत येऊ शकतो. आत आल्यावर तो किती पुढे जाईल, हे त्या परीक्षेने सांगितले नव्हते आणि तिला तसे कोणी विचारलेही नव्हते. आपण मात्र आज दहावीच्या आकड्याला तेच विचारत बसतो.

दार उघडले तरी आत जायला पैसे लागतात. रामजींची पेन्शन तुटपुंजी. एल्फिन्स्टन कॉलेजात नाव घातले, पण पुढचा खर्च झेपेना. तेव्हा केळुसकर पुन्हा पुढे आले. त्यांनी बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्यापर्यंत भीमरावांना नेले. महाराजांनी समोर बसवून प्रश्न विचारले, उत्तरे ऐकली आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मंजूर केली. १९१२ मध्ये ते बी.ए. झाले. कॉलेजचे प्राध्यापक मुल्लर यांनी त्यांना वाचायला पुस्तके आणि अंगावर घालायला कपडे दिले, हेही चरित्रकारांनी नोंदवून ठेवले आहे.

१९१३ च्या फेब्रुवारीत वडील गेले. रात्री दोन वाजता उठवणारा माणूस राहिला नाही. त्याच वर्षी महाराजांनी परदेशातल्या उच्च शिक्षणासाठी तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली आणि जुलैत भीमराव न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पोचले.

आता पाहा काय झाले. विद्यार्थी तोच. पण तिथे पाणी वरून ओतणारे कोणी नव्हते आणि डबे हलवणारेही नव्हते. ग्रंथालय उघडे होते आणि वेळ स्वतःच्या हातात होता. तीन वर्षांत त्यांनी अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम घेतले, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३, आणि फ्रेंच व जर्मनचा एकेक. बेरीज केली तर साठ भरतात. १९१५ मध्ये एम.ए. झाले. १९१६ मध्ये भारतातील जातींवरचा त्यांचा निबंध चर्चासत्रात वाचला गेला आणि त्याच वर्षी भारताच्या राष्ट्रीय लाभांशावरचा प्रबंध तयार झाला. तो वाढवून १९२५ मध्ये छापला गेला आणि १९२७ मध्ये पीएच.डी. रीतसर मिळाली.

१९१६ च्या ऑक्टोबरात ते लंडनला गेले. कोलंबियाचे प्रा. सेलिग्मन यांनी लंडनच्या प्रा. फॉक्सवेल यांना त्यांच्याविषयी शिफारसपत्र दिले होते. केळुसकरांनी बडोद्याच्या दरबारी जे केले, तेच सेलिग्मन यांनी अटलांटिकपलीकडे केले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि बॅरिस्टरीसाठी ग्रेज इन, दोन्हीकडे नाव दाखल झाले. पण वर्षभरातच शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि अभ्यास अर्धवट टाकून परत यावे लागले. त्यांची पुस्तके ज्या बोटीने येत होती, ती पहिल्या महायुद्धात बुडाली. बडोद्याच्या नोकरीत एवढ्या पदव्यांच्या माणसाच्या टेबलावर कारकून लांबूनच फायली टाकत आणि गावात राहायला जागा मिळेना. कोलंबियात चाललेला माणूस बडोद्यात अडला. हुशारीत कुठे फरक पडला होता?

१९१८ मध्ये ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. पगारातून पैसे साठवले, शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या पारशी मित्राने कर्ज दिले आणि १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. ब्रिटिश म्युझियमचे ग्रंथालय उघडताच आत, बंद होताना बाहेर. दुपारच्या जेवणाला फाटा. रात्री पापड भाजून भूक मारायची. १९२१ मध्ये एम.एस्सी. पुरे झाले, १९२२ मध्ये बॅरिस्टरी. त्याच वर्षी रुपयाच्या प्रश्नावरचा डी.एस्सी.चा प्रबंध त्यांनी सादर केला.

आणि तो परत आला. परीक्षकांनी तो आहे तसा स्वीकारला नाही, बदल करून आणायला सांगितले. तोवर हातातले पैसे संपले होते. १९२३ मध्ये ते मुंबईला परतले, इथे बसून प्रबंध पुन्हा लिहिला आणि लंडनला पाठवला. त्याच वर्षी तो मान्य झाला आणि छापूनही आला. मॅट्रिकला सदतीस टक्के मिळालेल्या विद्यार्थ्याचा सर्वांत मोठा पेपरही पहिल्या फेरीत निघाला नाही, हे मी माझ्या वर्गात मुद्दाम सांगत असे. आपल्याकडे मार्चला राहिला आणि ऑक्टोबरला निघाला असे म्हणतात, तसेच म्हणा ना!

पुढचे आपण जाणतोच. पण परीक्षांच्या संदर्भात दोन गोष्टी सांगायला हव्यात. मुंबई विद्यापीठात सुधारणा करण्यासाठी नेमलेल्या समितीपुढे त्यांनी १९२४ मध्ये आपले म्हणणे मांडले. नुसत्या परीक्षा घेणाऱ्या विद्यापीठाने विद्या वाढत नाही, शिकवणे आणि संशोधन एकत्र चालले पाहिजे, असा त्याचा आशय होता. दुसरी गोष्ट १९२७ ची, मुंबई विधिमंडळातली. शाळेत दाखल झालेल्या शंभर मुलांपैकी चौथीपर्यंत अठराच पोचतात, हे त्यांनी आकडे देऊन मांडले आणि शिक्षणावरचा खर्च वाढवण्याची मागणी केली. परीक्षेला बसलेल्यांचा निकाल आपण मोजतो. बसूच न शकलेल्यांचा निकाल त्यांनी मोजला. १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज आणि १९५० मध्ये औरंगाबादला कॉलेज सुरू केले. ज्या कोलंबियाने त्यांना घडवले, त्याच विद्यापीठाने १९५२ मध्ये त्यांना सन्मानाने एलएल.डी. दिली. ६ डिसेंबर १९५६ रोजी ते गेले.

आता आपल्याकडे येतो. मार्कांना अर्थ नसतो असे कोणी यातून काढू नये. गणिताच्या शिक्षकाला तसे म्हणताही येणार नाही. सहामाहीला जो चांगला, तो बहुधा बोर्डालाही चांगला, हे मी वर्षानुवर्षे पाहिले. २८२ च्या जागी नापासाचा शिक्का असता तर केळुसकरांनाही फार काही करता आले नसते. पास होणे लागतेच.

पण दहावीच्या पुढे हा हिशेब सैल होत जातो, हेही मी पाहिले. आपल्या मराठी शाळेत ऐंशीच्या पुढे असलेला मुलगा अकरावी सायन्सला गेला की पुस्तक इंग्रजीत येते आणि तो गप्प होतो. वाशीम, अकोला, अमरावतीला खोली घेऊन राहायचे तर मेसचे पैसे सोयाबीनच्या भावावर अवलंबून. आणि दहावीला पन्नासात अडकलेली एखादी मुलगी, घरच्यांनी लग्नाची घाई केली नाही आणि आवडीचा विषय मिळाला, तर विद्यापीठात वर येते. गुणपत्रिकेत मुलाची तयारी उतरते, तशी त्याच्या घरातली खोलीही उतरते, दिवा उतरतो आणि पाठीशी कोण उभे आहे तेही उतरते. यातले काही बदलले की पुढचा आकडा बदलतो. बाबासाहेबांच्या आयुष्यात ते एकदा नाही, चार-पाचदा घडले. आणि प्रत्येक वेळी कोणीतरी नाव घेऊन सांगता येईल असा माणूस मध्ये होता. बाकीचे सगळे कष्ट त्यांचे स्वतःचे.

आपल्या बॅचमध्ये दहावीला राहिलेले काही मित्र आहेत. संमेलनाचे निमंत्रण द्यायला फोन केला तर त्यातले दोघे म्हणाले, आम्ही कशाला, तुम्ही सगळे शिकलेले. चाळीस वर्षांनंतरही तो कागद त्यांच्या खिशात आहे. त्यांना आणायला मी स्वतः जाणार आहे.

आणि एक सुचवणे आहे. संमेलनाच्या वर्गणीतून जे उरेल, त्यातून शाळेतली एक खोली दहावीच्या मुलांसाठी रात्री दहापर्यंत उघडी ठेवता येईल का? लाईट, पंखा, पिण्याचे पाणी आणि आळीपाळीने आपल्यापैकी एक जण हजर. मी मंगळवार आणि शुक्रवार घेतो. बाकीचे वार तुम्ही वाटून घ्या.